ध्रुवीय महासागरांतील समुद्रपातळीचे वार्षिक चढउतार आणि अंबा खाडीकाठचा खारेपाट : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

समुद्रसपाटी हा शब्द शालेय भूगोलापासून परिचित असतो. डोंगराची उंची, गावाची उंची, धरणाच्या भिंतीची उंची या साऱ्यांचे मोजमाप तिच्यापासून केले जाते. त्यामुळे ती कायम एका जागी असलेली रेषा आहे, असा समज सहज रूढ होतो. प्रत्यक्षात समुद्राची सरासरी पातळी दरवर्षी बदलते. एखाद्या वर्षी ती काही सेंटीमीटर वर असते, तर पुढच्या वर्षी खाली येते. हे चढउतार ध्रुवीय महासागरांत विशेष ठळकपणे दिसतात आणि त्यांच्या कारणांचा शोधही बऱ्याच अंशी तेथेच लागला आहे.

रायगड जिल्ह्यातील नागोठणे आणि पेण परिसराच्या दृष्टीने या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आहे. अंबा नदीच्या खाडीकाठी शेकडो वर्षे मातीचे बांध घालून समुद्राकडून जमीन मिळवली गेली. त्या बांधाची उंची किती असावी, हा प्रश्न समुद्रपातळीच्या इतिहासाशी थेट निगडित आहे. ध्रुवीय समुद्रातील चढउतारांची कारणे कशी उलगडत गेली आणि त्या ज्ञानाच्या आधारे अंबा खाडीकाठच्या खारेपाटाकडे कसे पाहता येईल, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

नागोठणे, अंबा नदी आणि खारेपाट

अंबा नदी बोरघाटाच्या परिसरात सह्याद्रीत उगम पावते. जांभूळपाडा, पाली या भागातून वाहत ती नागोठण्यास येते, पुढे धरमतरच्या खाडीला मिळते आणि रेवसजवळ मुंबई बंदराच्या पाण्यात विलीन होते. समुद्रापासून बरेच आत असूनही नागोठण्यापर्यंत भरतीचे पाणी पोहोचते. या गावाचा इतिहास त्या भरतीने घडवला आहे. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, चौलच्या काझी अल्लाउद्दीनने येथे बांधलेला दगडी पूल प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईहून महाबळेश्वरास जाणारे प्रवासी भरती साधून होडीने नागोठण्यास उतरत आणि पुढे महाडमार्गे घाट चढत. त्या शतकाच्या उत्तरार्धात पेण तालुक्यात मोडणारे हे गाव आज रोहा तालुक्यात आहे.

नागोठण्याच्या खालच्या अंगास, पेण आणि अलिबाग तालुक्यांत, खारेपाट पसरला आहे. येथील कित्येक शेते उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. बाहेरचा मोठा बांध समुद्राला अडवतो, आतले लहान बांध पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि उघाडीतून ओहोटीच्या वेळी जादा पाणी बाहेर सोडले जाते. उधाणाच्या वेळी मुंबई बंदरातील भरती आणि ओहोटी यांतील अंतर कधी कधी ५ मीटरपर्यंत जाते. अशा पाण्यासमोर मातीचा बांध उभा असतो. त्याला खांड पडली म्हणजे खारे पाणी शेतात शिरते आणि पुढचे काही पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत भात नीट येत नाही. या जमिनीसाठी शेतकऱ्यांनी राता हे खारे पाणी सोसणारे तांबड्या तांदळाचे वाण पिढ्यान्‌पिढ्या जपले. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्रातून पुढे सुधारित वाणेही तयार झाली.

या व्यवस्थेची सामाजिक बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. शिलोत्री पद्धतीत जमीन बांधून काढणाऱ्या शिलोत्रदारावर बाहेरच्या बांधाच्या डागडुजीची जबाबदारी असे. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या पद्धतीची माहिती आढळते. पुढे खोत आणि कुळे यांच्यातील ताण वाढत गेला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात झालेला चरीचा शेतकरी संप याच खारेपाटात घडला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने आणि त्यानंतर १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने बांधांची जबाबदारी शासनाकडे येत गेली. बांध कोणी राखायचा, हा वाद अशा रीतीने दीर्घकाळ चालला. ज्या पाण्यापासून तो राखायचा त्याची पातळी स्वतः बदलते काय, या प्रश्नाला मात्र या वादात फारसे स्थान मिळाले नाही. त्याचे उत्तर शोधण्याचे काम दुसरीकडे चालू होते.

समुद्रपातळी मोजण्याचा इतिहास

समुद्राची सरासरी पातळी ठरवण्यासाठी दीर्घकाळ नोंदी ठेवाव्या लागतात. भरती-ओहोटीचे दैनंदिन आंदोलन मोठे असते आणि त्यातून वर्षाची सरासरी वेगळी काढावी लागते. एकोणिसाव्या शतकात या कामाला शास्त्रीय शिस्त आली. जेम्स क्लार्क रॉस या ब्रिटिश दर्यावर्दीने दक्षिण ध्रुवाकडील आपल्या मोहिमेच्या काळात समुद्रपातळीच्या कायम खुणा खडकात कोरून ठेवण्याचा पुरस्कार केला. टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे १८४१ मध्ये आणि फॉकलंड बेटांवरील पोर्ट लुई येथे १८४२ मध्ये अशा खुणा करण्यात आल्या. दीड शतकाहून अधिक काळाने त्यांच्याशी तुलना करता समुद्र वर आल्याचे दिसून आले.

हिंदुस्थानातील काम त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या आश्रयाने सुरू झाले. कच्छच्या आखातात जमीन आणि समुद्र यांच्या सापेक्ष पातळीत बदल होतो काय, हे तपासण्यासाठी ए. डब्ल्यू. बेअर्ड या लष्करी अभियंत्याने १८७० च्या दशकात भरतीमापक उभारले. त्या अनुभवातून देशभर भरतीच्या वेधशाळा निघाल्या. मुंबईत अपोलो बंदर येथील नोंदी १८७८ पासून मिळतात. हिंदी महासागराच्या परिसरातील ही सर्वांत दीर्घ नोंदमालिका समजली जाते. पुढे १९०९ मध्ये पूर्ण झालेल्या देशव्यापी समतलनात नऊ बंदरांची सरासरी समुद्रपातळी शून्य धरण्यात आली. सर्व बंदरांवर समुद्र एकाच उंचीवर आहे, हे त्यामागील गृहीतक होते. बंगालच्या उपसागराची पातळी अरबी समुद्रापेक्षा उंच असते, हे पुढील संशोधनाने दाखवून दिले.

जगभरच्या नोंदी एकत्र ठेवण्यासाठी १९३३ मध्ये लिव्हरपूल येथे कायमस्वरूपी कार्यालय स्थापन झाले. ध्रुवीय प्रदेशांतील नोंदी मात्र उशिरा आणि तुटक मिळाल्या. सायबेरियाच्या किनाऱ्यावर सोव्हिएत संघाने चालवलेली अनेक केंद्रे १९९० नंतर बंद पडली. अंटार्क्टिकावरील सर्वांत दीर्घ मालिका तेथील द्वीपकल्पाजवळच्या फॅरडे केंद्राची असून तिचा आरंभ १९५८ चा आहे. हे केंद्र १९९६ पासून युक्रेनकडे असून व्हर्नाड्स्की या नावाने ओळखले जाते. उपग्रहांनी या उणिवेचा काही भाग भरून काढला. १९९२ च्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहाची कक्षा ६६ अंश अक्षांशापर्यंतच जात असे. पण १९९१ चा ईआरएस-१ आणि २०१० चा क्रायोसॅट-२ ध्रुवांच्या अधिक जवळ गेले. बर्फातील भेगांमधून दिसणाऱ्या पाण्याची उंची त्यांच्या रडारने मोजता आली. २००२ पासून ग्रेस या जोडउपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातील बदलांवरून पाण्याचे आणि बर्फाचे वस्तुमानही मोजले.

ध्रुवीय समुद्रांतील चढउतारांची कारणे

पहिले कारण वायुभार होय. हे कारण ध्रुवीय समुद्रातच स्पष्टपणे मोजले गेले, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हरवलेल्या फ्रँकलिन मोहिमेच्या शोधात निघालेल्या रॉसने १८४८-४९ चा हिवाळा कॅनडाच्या उत्तरेस पोर्ट लिओपोल्ड येथे काढला. बर्फाने वेढलेल्या त्या बंदरात त्याने पाण्याची पातळी आणि वायुभारमापकातील पारा यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. पारा चढला की समुद्र खाली जातो आणि पारा उतरला की समुद्र वर येतो, हे त्यातून दिसले. हे निष्कर्ष रॉयल सोसायटीने १८५४ मध्ये प्रसिद्ध केले. वायुभार १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र सुमारे १ सेंटीमीटर वर येतो, हा आजचा सर्वमान्य ठोकताळा आहे. उत्तर ध्रुवीय प्रदेशात एका हिवाळ्यातील सरासरी वायुभार दुसऱ्या हिवाळ्यापेक्षा काही हेक्टोपास्कलने वेगळा असू शकतो. तेवढ्यानेच तेथील पातळी काही सेंटीमीटर बदलते.

दुसरे कारण वारा. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले पाणी उजवीकडे वळते. त्यामुळे आर्क्टिक महासागरावर घड्याळाच्या काट्यांविरुद्ध दिशेने वारे फिरू लागले की मध्यभागातील पाणी कडेला सरकते आणि सायबेरियाच्या किनाऱ्यावर पातळी चढते. वारे उलट फिरले की पाणी मध्यभागी जमते आणि किनाऱ्यावर पातळी उतरते. या दोन अवस्था काही वर्षांच्या अंतराने आलटून पालटून येतात, असे आंद्रे प्रोशुटिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले.

तिसरे कारण गोडे पाणी. उष्ण समुद्रात पाण्याची घनता मुख्यतः तापमानावर अवलंबून असते. अतिशीत समुद्रात मात्र क्षारतेचा प्रभाव अधिक असतो. आर्क्टिक महासागरात जगातील समुद्राच्या पाण्यापैकी जेमतेम १ टक्का पाणी आहे, पण ओब, येनिसेई, लेना यांसारख्या नद्यांमुळे जगातील नद्यांच्या पाण्यापैकी सुमारे १० टक्के पाणी त्यात येते. हे हलके पाणी जेथे साठते तेथे समुद्राचा पृष्ठभाग फुगतो. अलास्काच्या उत्तरेकडील बोफर्ट समुद्रात १९९५ ते २०१० या काळात सुमारे ८,००० घन किलोमीटर गोडे पाणी साठल्याचे आणि २००२ नंतर तेथील पृष्ठभाग सुमारे १५ सेंटीमीटर उंचावल्याचे लंडनच्या कॅथरीन जाइल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या आधारे २०१२ मध्ये दाखवले. वाऱ्याची पकड सैल होताच असे साठलेले पाणी बाहेर पडू शकते. म्हणून ही वाढ कायमची मानता येत नाही.

चौथे कारण जमिनीवरील बर्फ. येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळल्याने पातळी जवळजवळ बदलत नाही, कारण त्याने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूस सारलेले असते. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका यांच्या भूमीवरील बर्फ समुद्रात आला तर मात्र पाणी वाढते. सुमारे ३६० अब्ज टन बर्फ समुद्रात गेला की जगाची सरासरी पातळी १ मिलिमीटरने वाढते. ग्रीनलंडने २०१९ या एका वर्षात सुमारे ५३० अब्ज टन बर्फ गमावला. त्याआधीच्या २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत ही घट बरीच कमी होती. बर्फाच्या ऱ्हासातही असे वर्षावर्षाचे चढउतार असतात.

दक्षिण ध्रुवाभोवती चित्र थोडे निराळे आहे. अंटार्क्टिकाभोवती पश्चिमी वारे अखंड फिरतात. ते जोरदार झाले की पृष्ठभागावरील पाणी उत्तरेकडे सरकते आणि त्या खंडाच्या किनाऱ्यावरील पातळी उतरते. एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या अंटार्क्टिक केंद्रांवर पातळी एकाच वेळी चढते-उतरते, याचे कारण या वाऱ्यांत आहे.

ही सारी कारणे एकत्र काम करतात. सायबेरियाकडील केंद्रांच्या १९५४ ते १९८९ या काळातील नोंदींत समुद्र वर्षाला सुमारे २ मिलिमीटर या गतीने चढल्याचे दिसते. प्रोशुटिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार या वाढीचा साधारण तिसरा हिस्सा पाण्याच्या घनतेतील बदलामुळे, तर जवळजवळ तेवढाच हिस्सा वायुभार घटत गेल्यामुळे होता. पस्तीस वर्षांची सलग वाढही सर्वस्वी पाणी वाढल्यामुळे झाली असे म्हणता येत नाही, हा त्यातील धडा आहे.

अरबी समुद्र आणि मुंबईच्या नोंदी

हाच धडा मुंबईच्या नोंदींनाही लागू पडतो. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर पोहोचली. ज्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे कासिम पूर्वी संचालक होते, त्याच गोव्यातील संस्थेत डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी मुंबईच्या शतकभराच्या नोंदींचा अभ्यास केला. मुंबईच्या समुद्रपातळीतील दशकांच्या आवर्तनांचे भारतातील मोसमी पावसाच्या चढउतारांशी साम्य असल्याचे त्यांनी १९९९ मध्ये मांडले. त्यांचे स्पष्टीकरण असे : अधिक पाऊस झाला की नद्यांमधून अधिक गोडे पाणी समुद्रात येते, किनाऱ्यालगतच्या पाण्याची क्षारता घटते आणि हलके झालेले पाणी उंचावते. बंगालच्या उपसागरातील असे पाणी हिवाळ्यातील किनारी प्रवाहाबरोबर भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडेही येते. बोफर्ट समुद्राचा फुगवटा आणि मुंबईची पातळी यांच्यामागे अशा रीतीने एकच भौतिक तत्त्व काम करताना दिसते.

मुंबईची दीर्घकालीन वाढ विसाव्या शतकात वर्षाला सुमारे १ मिलिमीटर इतकी मंद होती. एका वर्षातून दुसऱ्या वर्षात होणारा बदल मात्र काही सेंटीमीटरचा असू शकतो. म्हणजे दोन वर्षांतील फरक कित्येक दशकांच्या वाढीला झाकून टाकू शकतो. त्यात चंद्राच्या कक्षेचे १८.६ वर्षांचे आवर्तन मिळवावे लागते. त्यामुळे उधाणाच्या भरतीची उंची काही वर्षे किंचित वाढत आणि नंतर काही वर्षे घटत जाते.

५ मीटरच्या भरतीपुढे हे काही सेंटीमीटर क्षुल्लक वाटतील. परंतु बांधाच्या माथ्यापर्यंत वर्षातील मोजकीच उधाणे पोहोचतात. सरासरी पातळी ५-१० सेंटीमीटरने वर असलेल्या वर्षी, एरवी माथ्याच्या थोडे खाली राहिलेल्या भरत्याही वर येऊन टेकतात आणि धोक्याच्या भरत्यांची संख्या कित्येक पटींनी वाढते. खेकड्यांची बिळे, रखडलेली डागडुजी, नादुरुस्त उघाडी, मालवाहू बार्जच्या लाटा ही खांड पडण्याची नेहमीची कारणे आहेत आणि त्यांचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. उंच पातळीच्या वर्षी मात्र या प्रत्येक उणिवेची परीक्षा अधिक वेळा होते.

ध्रुवीय बर्फ आणि कोकण किनारा

वायुभार, वारा आणि गोडे पाणी यांच्यामुळे होणारे बदल बहुतांशी जेथल्या तेथे राहतात. आर्क्टिकमधील वाऱ्याने अंबा खाडीतील पाणी चढत नाही. जमिनीवरील बर्फाची गोष्ट वेगळी आहे. बर्फाचा प्रचंड साठा आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. अमेरिकन शास्त्रज्ञ वुडवर्ड याने १८८८ मध्येच या परिणामाचे गणित मांडले होते. बर्फ वितळला की ही ओढ कमी होते. त्यामुळे ग्रीनलंडच्या लगत समुद्र उलट खाली जातो आणि दूरच्या उष्ण कटिबंधात जागतिक सरासरीपेक्षा काहीसा अधिक चढतो. ध्रुवाजवळ हरवलेल्या बर्फाचा भार अशा प्रकारे कोकणासारख्या दूरच्या किनाऱ्यांवर अधिक पडतो.

हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली आणि २००६ ते २०१८ या काळात वाढीची गती वर्षाला ३.७ मिलिमीटर झाली. या गतीने १० वर्षांत सुमारे ४ सेंटीमीटर वाढ होते, म्हणजे साधारण एका वर्षाच्या नैसर्गिक चढउताराएवढी. फरक इतकाच की चढउतार वर जाऊन खाली येतो. ही वाढ खाली येत नाही. पूर्वीच्या काळातील असाधारण उंच वर्ष पुढे साधारण वर्ष ठरते आणि नवे चढउतार त्या नव्या पायावर उभे राहतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की समुद्रपातळीचा वार्षिक चढउतार आणि तिची दीर्घकालीन वाढ या भिन्न गोष्टी आहेत आणि एका-दोन वर्षांच्या अनुभवावरून वाढीविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. दोन-तीन वर्षे बांध टिकला म्हणून समुद्र शांत झाला असे होत नाही आणि एका वर्षी खांड पडली म्हणून ती केवळ जागतिक तापमानवाढीने पडली असेही म्हणता येत नाही. दुसरी ही की हा भेद केवळ दीर्घ आणि अखंड नोंदींमुळे करता येतो. सायबेरियातील केंद्रे बंद पडल्याने जे ज्ञान गमावले गेले, त्याच्या तुलनेत मुंबईच्या मालिकेचे मोल कळते.

तिसरी गोष्ट धोरणाची आहे. बांधाची उंची जुन्या उधाणांच्या आठवणीवर किंवा एकदा ठरवलेल्या समुद्रसपाटीवर कायमची ठरवता येत नाही. चढत जाणारा पाया, त्यावरील वार्षिक चढउतार आणि चंद्राचे आवर्तन या तिन्हींची बेरीज करून ती ठराविक काळाने पुन्हा तपासावी लागते. बांध केव्हा आणि कोठे फुटला, याच्या महसुली आणि खारभूमी खात्याच्या नोंदी भरतीमापकाच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचल्या, तर स्थानिक इतिहास आणि समुद्रविज्ञान परस्परांना पूरक ठरतील. हे काम इतिहास, भूगोल आणि पदार्थविज्ञान या विभागांनी एकत्र येऊन करण्यासारखे आहे.

शेवटची गोष्ट न्यायाची. खांड पडून खारे पाणी आत राहिले की शेतात कांदळवन उगवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर कांदळवन तोडण्यास मनाई आहे आणि किनाऱ्याच्या रक्षणासाठी ती आवश्यकही आहे. मात्र वेळेवर न दुरुस्त झालेल्या एका खांडीमुळे शेतकऱ्याचे शेत कायमचे शेतीबाहेर जाऊ शकते. शिलोत्रदाराच्या काळी बांध राखण्याचे दायित्व कोणाचे, हे निदान सर्वांना ठाऊक होते. आज समुद्र चढण्याची कारणे हजारो किलोमीटर दूर घडत असताना ते दायित्व एकट्या खाडीकाठच्या शेतकऱ्यावर सोडणे इतिहासालाही धरून नाही आणि न्यायालाही.